चौथा कोपरा

मिस्त्रींनी नवं सिंक ओट्याच्या खाचेत उतरवलं आणि पुढच्या डाव्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. टक्. मग तिरकं समोर, भिंतीकडच्या उजव्या कोपऱ्यावर. पुन्हा टक्. आवाज बारीक होता, पण त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही लगेच कळला. "ताई, डुगडुगतंय," ते म्हणाले आणि दोन बोटांनी त्यांनी सिंक आलटून पालटून दाबून दाखवलं. हा कोपरा खाली गेला की तो वर, तो खाली गेला की हा वर. उरलेले दोन कोपरे मात्र ग्रॅनाइटला घट्ट चिकटून होते.

सिंक 24 बाय 18 इंचांचं, स्टेनलेस स्टीलचं, खोक्यातून नुकतंच काढलेलं. ओटा बारा वर्षांचा, काळ्या ग्रॅनाइटचा. फट मोजायला घरात पत्त्यांचा कॅट होता. एक पत्ता साधारण 0.3 मिलिमीटर जाडीचा असतो. वर राहिलेल्या कोपऱ्याखाली दहा पत्ते सहज गेले, अकरावा गेला नाही. म्हणजे फट 3 मिलिमीटरची. तांदळाच्या दाण्याच्या लांबीपेक्षाही कमी. तेवढ्यासाठी सगळं काम अडलं आणि त्या अडलेल्या दुपारी मला जे दिसत गेलं, ते मी अजून विसरू शकलेले नाही.

सुरुवात चुलीपासून करते. तीन दगड मांडले की चूल होते. दगड ओबडधोबड असोत, जमीन उंचसखल असो, वरचं पातेलं कललं तरी डुगडुगत नाही. तिवईचंही तेच. याचं कारण पायांच्या कारागिरीत नाही, भूमितीत आहे. अवकाशात कुठेही तीन बिंदू घ्या, ते एका रेषेत नसले की त्या तिघांतून जाणारी एक सपाटी असतेच, आणि ती एकच असते. चौथा बिंदू आला की प्रश्न सुरू होतो. पहिल्या तिघांनी सपाटी आधीच ठरवून टाकलेली असते. चौथ्याला ती जुळली तर जुळली, नाहीतर तो अधांतरी. चार कोपऱ्यांचं सिंक चार कोपऱ्यांच्या खाचेवर बिनबोभाट बसतं, तेव्हा तिथे खरं म्हणजे एक फार अवघड करार पाळला गेलेला असतो. तो मोडला की टक् असा आवाज येतो.

मग वाकडं कोण? सिंक की ओटा?

याचं उत्तर शोधायचा एक सोपा मार्ग मला सुचला. सिंक उचलून गोल फिरवायचं, मागची बाजू पुढे आणायची आणि पुन्हा ठेवायचं. डुगडुगणं जागच्या जागी राहिलं तर दोष ओट्याचा, सिंकबरोबर फिरलं तर सिंकचा. फिरवलं. त्याच तिरक्या जोडीवर, पुढचा डावा आणि मागचा उजवा, पुन्हा तोच टक्. म्हणजे ओटा वाकडा, असा निष्कर्ष मी काढणार एवढ्यात मिस्त्री म्हणाले, "असं फिरवून कळत नाही. पीळ फिरत नसतो."

हे वाक्य मी मनात धरून बसले. पुढचा डावा कोपरा आणि मागचा उजवा कोपरा ही कर्णाची जोडी. सिंक अर्धा फेरा फिरवलं की पुढचा डावा कोपरा मागच्या उजव्याच्या जागी जातो आणि मागचा उजवा पुढच्या डाव्याच्या. जोडी तीच राहते, फक्त आतल्या दोघांची अदलाबदल होते. म्हणून सिंक पिळलेलं असो किंवा ओटा, अर्ध्या फेऱ्यानंतर दिसणारं चित्र अगदी सारखंच.

मग मी आणखी पुढे गेले. सिंक पालथं घातलं तर? वरची बाजू खाली गेली की उंच कोपरे खोल होतील, पीळ उलटा होईल, असं कुणालाही वाटेल. पण तसं होत नाही. पालथं घालताना कोपऱ्यांची उंची उलटते खरी, पण त्याच वेळी त्यांच्या जागाही दुसऱ्या कर्णावर जातात. दोन उलट्या मिळून एक सुलटी होते. स्क्रू हातात घेऊन पाहा. टोक वर धरा, खाली धरा, उजव्या आट्यांचा स्क्रू उजव्या आट्यांचाच राहतो. उजव्या पायाची चप्पल कशीही फिरवली तरी डाव्या पायाची होत नाही. लांबट चौकोनाला पडलेला पीळ हा त्याच जातीचा असतो. त्याला हात असतो, उजवा किंवा डावा, आणि तो हात फक्त आरशात बदलतो. बाजारातून आणलेल्या त्या स्टीलच्या भांड्याला डावं-उजवं आहे, हे कळल्यावर मी त्याच्याकडे नव्यानेच बघायला लागले.

इथे एका फार सुंदर प्रमेयाची आठवण येते. हॉटेलातलं चौरस टेबल डुगडुगत असेल तर पायाखाली कागदाची घडी सरकवायची गरज नसते, टेबल जागच्या जागी हळूहळू फिरवायचं. पाव फेऱ्याच्या आत कुठेतरी ते स्थिर उभं राहतंच. अट एवढीच की चारही पाय सारख्या लांबीचे हवेत आणि जमिनीत एकदम पायरी नको, नुसता उंचसखलपणा हवा. कारण असं. आत्ता एका कर्णावरचे दोन पाय टेकले आहेत आणि दुसऱ्या कर्णावरचे दोन डुगडुगत आहेत. पाव फेरा फिरवला की पहिला कर्ण दुसऱ्याच्या जागी येतो आणि परिस्थिती बरोबर उलटी होते. आधी जी फट या जोडीखाली होती ती आता त्या जोडीखाली. फट एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे उडी मारून जाऊ शकत नाही, ती हळूहळू कमी होत शून्यातूनच जाते. सलग बदलणारी गोष्ट उणेकडून अधिककडे जाताना वाटेत शून्याला शिवतेच, हे प्रागच्या बर्नार्ड बोल्झानो या गणितज्ञाने 1817 साली काटेकोरपणे मांडलं. ऐकायला हे इतकं उघड वाटतं की ते सिद्ध करावं लागतं याचंच नवल वाटावं.

सिंकला मात्र ही सोय नाही. ते लांबट आहे आणि खाचेत अडकलेलं आहे, त्याला पाव फेरा फिरता येत नाही. शिवाय पीळ त्याच्या स्वतःच्याच अंगात असेल तर फिरून तरी काय साधणार? पीळ बरोबरच येणार.

मिस्त्रींनी खिशातून ओळंब्याची दोरी काढली तेव्हा मला वाटलं ते ओळंबा लावणार आहेत. त्यांनी दोरीचे दोन तुकडे केले. एक तुकडा खाचेच्या एका कर्णावर ताणून मला धरायला लावला आणि दुसरा दुसऱ्या कर्णावर स्वतः ताणून धरला. खाचेच्या मधोमध, हवेत, दोन दोऱ्या एकमेकींना छेदत होत्या आणि नेमक्या टेकत होत्या. मग वरची खाली आणि खालची वर घेऊन पुन्हा पाहिलं. तरीही नुसती टेकलेली, ना दाब, ना फट. "ओटा सरळ आहे," ते म्हणाले. मग सिंक जमिनीवर ठेवून त्याच्या काठावर तेच केलं. या वेळी दोन दोऱ्यांच्या मधून पलीकडची फरशी दिसत होती. पाच पत्त्यांएवढी फट.

दहा नाही, पाच. यालाही कारण आहे. कर्णाच्या मध्यबिंदूची उंची म्हणजे त्याच्या दोन टोकांच्या उंचीची सरासरी. चारही कोपरे एका सपाटीत असतील तर दोन्ही मध्यबिंदू एकाच ठिकाणी येतात. एक कोपरा 3 मिलिमीटर वर असेल तर त्याच्या कर्णाचा मध्य दीड मिलिमीटर वर जातो. ना पाणसळ लागली, ना कुठलं यंत्र. दोन दोऱ्यांनी पीळ मोजून दिला, आणि तो कुणाचा तेही सांगितलं.

एक सांगायला हवं. प्रत्येक डुगडुगणारं सिंक पिळलेलं असतं असं नाही. जुन्या सिलिकॉनचा किंवा पांढऱ्या सिमेंटचा एखादा खडा काठाखाली राहिलेला असतो, ग्रॅनाइटच्या दोन तुकड्यांच्या सांध्यावर बारीकशी पायरी असते, किंवा कटरने कापलेली खाच कोपऱ्यात अरुंद राहून सिंकची गोलाई तिच्या धारेवर चढून बसते. मिस्त्रींनी दोरी काढायच्या आधी खाचेच्या कडेवरून अंगठा फिरवून हे सगळं तपासलं होतं.

दोरीवरून मी वेगळ्याच विचारात गेले. ताणलेली दोरी सरळ असते हे आपण धरून चालतो. पण सपाटी कुठून येते? पहिली खरी सपाट वस्तू कुणी केली आणि ती सपाट आहे हे त्याला कळलं कसं, जर ताडून पाहायला आधीची सपाट वस्तूच नव्हती? दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले तर ते एकमेकांत चपखल बसतात, पण सपाट होतीलच असं नाही. एक फुगीर आणि एक खोलगट होऊनही दोघे छान जुळतात. दुर्बिणीचा आरसा घासणारे तर काचेच्या दोन चकत्या एकमेकींवर घासून मुद्दाम हेच घडवून आणतात.

उत्तर पुन्हा तीन या आकड्यात आहे. तीन पट्ट्या घ्यायच्या. पहिली दुसरीशी जुळवायची, दुसरी तिसरीशी आणि तिसरी पहिलीशी. पहिली फुगीर असेल तर तिच्याशी जुळणाऱ्या दुसरी आणि तिसरी दोन्ही खोलगट होतील, आणि मग त्या दोघी एकमेकींशी जुळणार नाहीत. तिघी एकमेकींशी जुळण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे तिघींनीही सपाट असणं. एका पट्टीवर रंग लावून दुसरीवर टेकवायची, रंग लागला तो उंचवटा खरवडायचा, पुन्हा टेकवायची. लंडनमध्ये हेन्री मॉड्सली यांच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी ही रीत 1840 साली ग्लासगो इथल्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत मांडली. बाहेरून कुठलंही माप न आणता, फक्त तीन वाकड्या वस्तूंच्या आपसातल्या भांडणातून सपाटी जन्माला येते! माझ्या स्वयंपाकघरात आलेलं सिंक दूरच्या कारखान्यात तयार झालं, ओटा इथे गवंड्याच्या हातांनी झाला, दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, आणि तरी त्यांनी पहिल्या भेटीत केसभरही फट न ठेवता जुळावं अशी माझी अपेक्षा होती. त्या अपेक्षेच्या मागे हा इतका धीराचा इतिहास आहे.

पण माझं सिंक पिळलं का? त्याला कुणी मारलं नव्हतं, ते पडलं नव्हतं. मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते याच प्रश्नाने.

पानाचा द्रोण कसा करतात ते आठवा. सपाट पान घेतात, दोन-तीन ठिकाणी घडी घालतात आणि घडी सुटू नये म्हणून काडी टोचतात. उकडीच्या मोदकाची पारी हातात घेऊन वाटी करताना कडेला कळ्या पाडाव्या लागतात. घडी आणि कळी हे नुसतं नक्षीकाम नाही. सपाट चकतीचा परीघ मोठा असतो, तिची वाटी करायची तर तोंडाचा परीघ लहान व्हायला हवा. 40 सेंटिमीटर त्रिज्येच्या चकतीचा परीघ सुमारे 251 सेंटिमीटर, तर 20 सेंटिमीटर त्रिज्येच्या तोंडाचा 126. उरलेल्या अर्ध्याचं करायचं काय? पान त्याची घडी करतं, उकड त्याच्या कळ्या करते.

कार्ल फ्रेडरिक गाउस यांनी 1827 साली या गोष्टीच्या मुळाशी हात घातला. पृष्ठभाग नुसता वाकवला, ताणला किंवा दाबला नाही, तर त्याची एक अंगभूत वक्रता कधीच बदलत नाही, हे त्यांनी सिद्ध केलं. या निष्कर्षाने ते स्वतःच इतके भारावले की त्यांनी त्याला लॅटिनमध्ये 'विलक्षण प्रमेय' असं नाव दिलं. संत्र्याची साल फाटल्याशिवाय पाटावर सपाट होत नाही ती याचमुळे, आणि सपाट पत्रा ताणल्या-दाबल्याशिवाय वाटी होत नाही तीही याचमुळे.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे ताणणं-दाबणं हातोडीने होतं. तांब्याचा पत्रा ठोकत ठोकत गोलाई आणायची, ठोकून तो कडक झाला की भट्टीत तापवून मऊ करायचा, पुन्हा ठोकायचा. शेवटचं मठारकाम, ते चमकणारे एकसारखे ठोके, दिसायला देखणं असतंच, शिवाय त्याने भांड्याला ताठपणा येतो. या सगळ्यात मला भट्टी फार महत्त्वाची वाटते. तापवल्यावर धातूच्या पोटात साठलेला ताण निघून जातो. तांबट त्याला मधे मधे मोकळं करत असतो.

सिंकच्या वाट्याला अशी उसंत फारशी येत नाही. स्टीलचा सपाट पत्रा साच्यावर ठेवतात, कडेने जबरदस्त दाबून धरतात आणि मधून ठोकळा खाली जातो. पत्रा कडेकडून आत ओढला जातो. कडेला सुरकुत्या पडू पाहतात, म्हणजे मोदकाच्या कळ्याच, पण वरून दाबून धरल्यामुळे त्यांना उमलायला जागा मिळत नाही. सुरकुतीला जागा नाही म्हटल्यावर धातू स्वतःत दबतो, जाड होतो, त्याचे कण एकमेकांवरून सरकतात. आणि हे सगळीकडे सारखं होत नाही. सिंकच्या सरळ बाजूंवर पत्रा बहुतांशी नुसता वाकतो. चार गोल कोपऱ्यांत मात्र तो खरा पिळवटून निघतो. ठोकळा वर उचलला, कडा कापल्या, की जे दाबून धरलं होतं ते थोडं मागे येतं. पत्र्याची पट्टी वाकवून सोडली की ती पूर्ण वाकलेली राहत नाही, किंचित परतते, तसंच. कोपऱ्यांचा परतावा एक, बाजूंचा दुसरा. त्या दोघांची तडजोड म्हणजे काठाला पडलेला पीळ. पोळी लाटताना कडेवर लाटणं जास्त फिरलं तर कड लांबते आणि मधल्या भागात न मावल्यामुळे लाटांसारखी वर-खाली होते. पातळ वस्तूला ताणून घेण्यापेक्षा वाकणं फार स्वस्त पडतं, म्हणून लांबीतला हिशेब चुकला की ती तो उंचीत फेडते.

हा ताण डोळ्यांना दिसत नाही, पण तो चाचपता येतो. फ्रिजवरचं एक लोहचुंबक काढून मी सिंकच्या काठावर ठेवलं. ते घसरून पडलं. चांगल्या सिंकचं स्टील, 304 नावाने ओळखलं जाणारं, सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल घातलेलं असतं आणि लोहचुंबकाला दाद देत नाही. मग तेच चुंबक मी भांड्याच्या आतल्या खोल कोपऱ्यात नेलं. तिथे ते हलकंसं अडखळलं. चिकटलं नाही, पण ओढ जाणवली. निकेलमुळे या स्टीलमधले लोखंडाचे अणू एका विशिष्ट रचनेत बसलेले असतात आणि ती रचना चुंबकाला उदासीन असते. पत्रा फार पिळवटला गेला की काही अणू घसरून दुसऱ्या रचनेत जातात. जर्मन धातुतज्ज्ञ अडॉल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून तिला मार्टेन्साइट म्हणतात, आणि ती चुंबकाला ओळखते. म्हणजे भाजीच्या यादीवर लावायचं ते चुंबक माझ्या हातात सिंकच्या जन्माचा नकाशा वाचत होतं. इथे पत्रा सुखात होता, इथे त्याने सोसलं. माझ्या मुलीने मग घरातली सगळी पातेली, वाट्या आणि डबे तपासून काढले.

आता 3 मिलिमीटर तसेच सोडले तर काय बिघडतं? मोठ्या फटीपेक्षा मला त्या फटीचा निमुळता भाग जास्त धोक्याचा वाटतो. काठ एका कोपऱ्यात 3 मिलिमीटर वर असेल तर पुढे तो कमी होत होत कुठेतरी मिलिमीटरच्या दहाव्या हिस्स्याएवढा उरतो, आणि पाणी नेमकं तिथेच शिरतं. दोन पृष्ठभागांमध्ये पाणी किती चढेल ते फटीच्या रुंदीच्या उलट प्रमाणात असतं. स्वच्छ, पाण्याने भिजणाऱ्या दोन उभ्या काचांत 1 मिलिमीटरचं अंतर असेल तर पाणी साधारण दीड सेंटिमीटर चढतं. अंतर 0.1 मिलिमीटर केलं तर 15 सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितेहून जास्त. गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध, कुणीही न ढकलता. सिंकच्या काठाखाली तर चढायचंही नसतं, आडवंच जायचं असतं. तिथे पाणी आत ओढलं जातं आणि बाहेर पडायचं नाव घेत नाही. ओट्याखालच्या प्लायवूडच्या कडा फुगतात, काळ्या पडतात आणि कुबट वास येतो, त्याची सुरुवात अशा न दिसणाऱ्या फटीत होते.

मिस्त्रींनी सिंकच्या खोक्यातून क्लिपांची पुडी काढली. अनेक घरांत ही पुडी खोक्याबरोबरच रद्दीत जाते आणि सिंक पांढऱ्या सिमेंटवर बसवून टाकतात. मला ते पटत नाही. स्टील तापलं की वाढतं. भाताची उकळती पेज ओतली की सिंक 'ढब्' असा आवाज करतं ना? गरम झालेला तळ पसरू पाहतो, थंड काठ त्याला पसरू देत नाही, मग तळ एकदम पोट बदलतो. 53 सेंटिमीटर लांबीचं भांडं 60 अंशांनी तापलं तर ते जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढतं. शेजारचा दगड तेवढ्यात जागचा हलतही नाही. ताठर सिमेंटला रोजचं हे येणं-जाणं सोसत नाही, ते तडकतं. सिलिकॉन रबरासारखं ताणलं जातं आणि परत येतं. पण त्यालाही अंगात थोडी जाडी लागते. काठ दाबून सगळं सिलिकॉन बाहेर काढलं तर उरलेला कागदासारखा थर पहिल्याच ताणाला फाटतो.

सिलिकॉनची नळी घेतानाही एक बघायचं. काही सिलिकॉन सुकताना व्हिनेगरचा वास येतो, कारण ते हवेतला ओलावा घेऊन घट्ट होताना ॲसिटिक आम्ल सोडतं. ग्रॅनाइटला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण ओटा कडप्प्याचा किंवा संगमरवराचा असेल तर ते टाळावं. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे. लिंबाचा थेंब राहिला तरी त्याची झळाळी जाते हे ज्यांच्या घरी कडप्पा आहे त्यांना माहीत असतं.

मग पीळ काढायचं काम. क्लिपा खालून काठाला धरतात आणि स्क्रू आवळला की त्याला दगडाकडे ओढतात. मिस्त्रींनी आधी उंच कर्णावरचा एक स्क्रू थोडा आवळला, मग तिरक्या समोरचा थोडा, मग पुन्हा पहिला. एकाच कोपऱ्यावर जोर लावला असता तर समोरचा आणखी उचलला गेला असता. दर वेळी ते बोटाने काठ वाजवून बघत होते. टक् चा आवाज बोदा होत होत गेला. पत्रा ओढला जातो तो त्याच्या पातळपणामुळे. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दीडपट झाली की ताठपणा सुमारे 3.4 पट. 0.8 मिलिमीटरचं सिंक क्लिपांना सहज वश होतं, 1.2 मिलिमीटरचं झगडतं. म्हणून जाड, महागाचं सिंक घेताना दुकानातच ते सपाट काउंटरवर पालथं ठेवून चार कोपरे दाबून पाहावेत. तिथे ते दोन मिलिमीटरहून जास्त डुगडुगलं तर मी ते घरी आणणार नाही. आणि सिंक चिनी मातीचं असेल तर क्लिप आवळून सरळ करायचा विचारही करू नये. माती वाळताना आणि भट्टीत भाजताना साधारण दहाव्या हिश्शाने आटते, आटताना थोडी वळतेच, आणि एकदा भाजली की वाकत नाही, तडकते. तिथे फटीखाली आधार देऊन सिलिकॉनची गादी करणं हाच मार्ग.

आमच्या सिंकचं शेवटचं दोन-तीन पत्त्यांएवढं अंतर क्लिपांनी जाईना. तेव्हा मिस्त्रींनी जाळीवर बूच बसवलं आणि नळ सोडला. "भरू द्या काठोकाठ. रात्रभर असंच ठेवा." भांड्यात साधारण 40 लिटर पाणी मावतं, म्हणजे 40 किलो वजन. कुठल्याही एका कोपऱ्यावर नाही, सगळ्या तळावर सारखं. काठाखाली लावलेलं सिलिकॉन घट्ट होईपर्यंत पाण्याने काठ धरून ठेवायचा होता.

पाणी वर येत गेलं तसं मला त्यातलं दुसरं काम दिसलं. काठ सपाट बसणं वेगळं आणि पाणसळीत असणं वेगळं. वाकडा ओटा असेल तर त्यावर सपाट बसलेलं सिंकही तिरकंच. आणि सिंकच्या तळाला मुळात सपाट असून चालत नाही, त्याला जाळीकडे किंचित उतार हवा. तो उतार काही मिलिमीटरांचाच असतो. काठ 3 मिलिमीटर कलला तर त्यातला बराचसा उतार गिळला जातो आणि चहाचा चोथा कायमचा एका कोपऱ्यात बसतो. भरत आलेल्या पाण्याची कड आणि सिंकचा काठ यांच्यातलं अंतर मी चारही बाजूंनी पाहत होते. सगळीकडे सारखं.

रात्री सगळे झोपल्यावर मी पुन्हा ओट्यापाशी गेले. पाणी अगदी स्थिर होतं, त्यात ट्यूबलाइटची पांढरी रेघ न मोडता पडली होती. कडेला काठाशी चिकटून थोडं चढलेलं पाणी सोडलं तर मधला भाग माझ्या घरातली सगळ्यात सपाट गोष्ट होता. पण तोही पुरता सपाट नसतो. पाणी पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळतं, समुद्र वळतो तसंच, सिंकमधलंही. अर्ध्या मीटरच्या पसाऱ्यात ही फुगवट किती येते त्याचा हिशेब मी कागदावर केला. साधारण 5 नॅनोमीटर. पाण्याचे वीसेक रेणू एकावर एक रचले तर होईल तेवढी उंची.

सकाळी मिस्त्री आले. त्यांनी आधी चारही कोपऱ्यांवर बोट टेकवलं. मग हात कोपरापर्यंत पाण्यात घालून बूच काढलं.